पॉल ॲपलबी आणि सतरा टेबलं

भारत सरकारच्या कारभारावर अहवाल देणारे अमेरिकी सल्लागार पॉल ॲपलबी स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकांत दीड ओळीत संपतात: 'ॲपलबी अहवाल, 1953: ओ अँड एम (संघटन आणि पद्धती) विभाग आणि भारतीय लोक प्रशासन संस्था स्थापन करण्याची शिफारस.' उत्तर बरोबर आहे, एका गुणाला पुरतं. पण त्या अहवालात शिफारशी बारा होत्या. त्यांतल्या या दोनच चटकन अमलात आल्या. या दोनच का आल्या आणि बाकीच्या कुठे अडल्या, हे समजलं की सरकारी कामाला उशीर नेमका कशाने होतो तेही बऱ्यापैकी समजतं.

ॲपलबी मुळात पत्रकार. 1891 साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात जन्म, 1913 साली आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजातून पदवी, आणि मग जवळपास वीस वर्षं वर्तमानपत्रांत. त्यातला बराच काळ लहान गावांतली साप्ताहिकं चालवण्यात गेला. मध्ये काही वर्षं डे मॉइन शहरातल्या दैनिकात अग्रलेख लिहिले. 1933 साली रूझवेल्ट यांचं सरकार आलं, कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांना कार्यकारी साहाय्यक हवा होता, आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी ॲपलबी पहिल्यांदा सरकारी खुर्चीत बसले. ज्यांचे विचार पुढे लोक प्रशासनाच्या अभ्यासक्रमात गेले, ते लोक प्रशासन शिकले ते असे, थेट कामावर.

आणि काम साधं नव्हतं. महामंदीत कापसाचे भाव कोसळले होते. पीक कमी करायचं तर शेतकऱ्याला पैसे देऊन कमी करायचं असं ठरलं, पण कायदा झाला मे महिन्यात. तोवर कपाशी शेतात उभी होती. मग उभं पीक नांगरून टाकायला पैसे देणं आलं: सुमारे 1 कोटी एकर, दहा लाखांच्या आसपास करार. प्रत्येक करारात जमीन मोजायची, पीक खरंच नांगरलं की नाही ते तपासायचं आणि धनादेश पाठवायचा. यातला कुठला कागद मंत्र्यासमोर जावा, कुठला विभागप्रमुखाने संपवावा, कुठला तालुक्याच्या समितीकडे परत जावा, हे सांभाळणं हे मंत्र्याच्या कार्यकारी साहाय्यकाचं रोजचं काम.

याच कामातून त्यांचा सिद्धांत आला. त्या काळी अमेरिकेत मान्य विचार असा होता की राजकारण ठरवतं आणि प्रशासन राबवतं. वुड्रो विल्सन यांनी 1887 साली आणि फ्रँक गुडनाउ यांनी 1900 साली ही विभागणी मांडली होती. कृषी खात्यात बसलेल्या माणसाला ती पटणं कठीण होतं. करारात शेतमालकाने कुळाला शेतावर ठेवलंच पाहिजे की नाही, हे एका कलमाच्या अर्थावर ठरत होतं. तो अर्थ लावणार कोण? खात्यातले वकील. त्यांनी कुळाच्या बाजूने अर्थ लावला. त्यावरून एवढं वादळ उठलं की फेब्रुवारी 1935 मध्ये त्यांच्यातल्या अनेकांना घरी पाठवण्यात आलं. कागदावर ती निव्वळ अंमलबजावणी होती, शेतात मात्र कुणाचं घर राहील आणि कुणाचं जाईल याचं धोरण होतं.

ॲपलबी म्हणत की धोरण एका जागी ठरत नाही, ते वरपासून खालपर्यंत ठरत जातं. फरक पडतो तो पातळीचा. ज्यात वाद आहे, अनेकांचे हितसंबंध आडवे येतात, परिणाम दूरवर जातात, तो विषय वर जातो. ज्यात यातलं काही नाही तो खाली राहतो. म्हणून वरच्या अधिकाऱ्याचं मुख्य काम निर्णय घेणं नव्हेच. कुठला निर्णय कुणी घ्यायचा हे लावून देणं आणि मग त्या निर्णयामागे उभं राहणं हे त्याचं काम. खाजगी कंपनीचं शास्त्र सरकारला जसंच्या तसं लागू होत नाही, असंही त्यांनी 1945 सालच्या पुस्तकात ठासून सांगितलं: सरकारचा आवाका मोठा, जनतेला उत्तर देणं भाग, आणि प्रत्येक कृतीला राजकीय अंग. 1949 साली पुढचं पुस्तक आलं, त्यात धोरण आणि प्रशासन यांचं नातं त्यांनी सविस्तर मांडलं.

मधली पदं भराभर सांगता येतील. 1940 ते 1944 कृषी खात्यात उपमंत्र्याच्या दर्जाचं पद. 1943 साली हॉट स्प्रिंग्जच्या अन्न परिषदेत अमेरिकेच्या शिष्टमंडळात समावेश. या परिषदेतूनच पुढे संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना निघाली. 1944 ते 1947 वॉशिंग्टनच्या अर्थसंकल्प कार्यालयात. 1947 साली सिरॅक्यूज विद्यापीठाच्या मॅक्सवेल स्कूलचे डीन. म्हणजे दिल्लीहून बोलावणं आलं तेव्हा त्यांच्यामागे संपादकाची लेखणी, मंत्रालयाचा अनुभव, पैशाच्या नाड्या कशा ओढल्या जातात त्याची माहिती आणि विद्यापीठाचं पद असं सगळं होतं.

1952 साली ते फोर्ड फाउंडेशनचे सल्लागार म्हणून भारतात आले. पहिली पंचवार्षिक योजना चालू झालेली, सामूहिक विकास कार्यक्रम 2 ऑक्टोबरला नुकताच सुरू झालेला. कायदा-सुव्यवस्था आणि महसूल यांसाठी बांधलेल्या यंत्रणेला आता धरणं, खतं, पोलाद आणि शाळा करायच्या होत्या. त्याआधी 1951 साली ए. डी. गोरवाला यांनी नियोजन आयोगासाठी याच विषयावर अहवाल दिला होता. मुंबई इलाख्यात आय.सी.एस. म्हणून काम केलेले गोरवाला कारभारातल्या सचोटीवर जास्त कडक होते. ॲपलबींचं लक्ष कागदाच्या वाटेवर होतं.

जानेवारी 1953 च्या अहवालाची सुरुवात कौतुकाने होते. जगातल्या सर्वांत पुढारलेल्या डझनभर सरकारांत ते भारत सरकारला बसवतात. दिल्लीत हे वाक्य पुष्कळ उद्धृत झालं. त्यापुढचं कमी झालं.

पुढचं काय होतं ते एका कागदावरून पाहू. समजा, त्या काळात एका नदी प्रकल्पाला पंप घ्यायचा आहे. रक्कम मामुली, पण मंजुरी दिल्लीची. प्रकल्पाचं पत्र मंत्रालयाच्या टपालात येतं, आवक नोंदवहीत क्रमांक पडतो आणि ते साहाय्यकाच्या टेबलावर येतं. साहाय्यक जुनी प्रकरणं शोधतो आणि नस्ती, म्हणजे फाइल, तयार करतो. नस्तीला दोन बाजू: एकीकडे पत्रव्यवहार, दुसरीकडे टिपणी. टिपणीत तो विषय, नियम, पूर्वीचं उदाहरण लिहून खाली डाव्या बाजूला तारखेसह सही करतो. तिथून वर: कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सहसचिव. हे उजव्या बाजूला सही करतात. पाच टेबलं झाली.

खर्चाचा विषय, म्हणून नस्ती अर्थ मंत्रालयात. तिथे ती उपसचिवाकडे येते, पण उपसचिव वाचून निर्णय देत नाही, खाली 'तपासून सादर करावे' म्हणून पाठवतो. अवर सचिव, कक्ष अधिकारी, साहाय्यक, आणि मग उलट प्रवास: कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव. सात थांबे. मंजुरी घेऊन नस्ती मूळ मंत्रालयात परत येते आणि सहसचिवापासून साहाय्यकापर्यंत पाच टेबलं खाली उतरते, तेव्हा कुठे प्रकल्पाला पत्र लिहिलं जातं. एकूण सतरा. प्रत्येक टेबलावर दोनच दिवस लागले तरी कामाचे 34 दिवस, आणि या 34 दिवसांत कुणीही आळस केलेला नाही.

आता अर्थ मंत्रालयाच्या साहाय्यकाने एक शंका काढली असं धरा: 'जुना पंप दुरुस्त होऊ शकत नाही काय?' नस्ती परत. सहसचिव ते साहाय्यक आणि पुन्हा वर, नऊ थांबे. परत अर्थ मंत्रालयात सात. सोळा टेबलं वाढली, बेरीज 33, दिवस 66. शंका अगदी रास्त असू शकते. पण दुरुस्तीचा अंदाज ज्याला ठाऊक, तो प्रकल्पावरचा अभियंता या 33 थांब्यांत कुठेच नाही.

ॲपलबींची तक्रार नेमकी ही होती. भारतात निर्णय खूप लोकांना विचारून होतो आणि कुणा एकाच्या अंगावर राहत नाही. वरचे अधिकारी हुशार, पण संख्येने थोडे. खालचे कारकून पुष्कळ, पण अधिकार नसलेले. मधली, निर्णय घेऊ शकणारी फळी पातळ. अर्थ मंत्रालय आधी योजनेला मंजुरी देतं आणि मग त्याच योजनेतला एकेक खर्च पुन्हा तपासतं. त्या वेळी अर्थमंत्री होते रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख. पण ही रीत कुणा एका मंत्र्याची नव्हती, ब्रिटिश काळापासून चालत आली होती. आणखी एक गोष्ट अमेरिकी पाहुण्याला चकित करून गेली. राष्ट्रीय कार्यक्रमांच्या अंमलबजावणीसाठी एवढ्या मोठ्या प्रमाणात राज्यांवर विसंबलेलं दुसरं मोठं राष्ट्रीय सरकार त्यांना माहीत नव्हतं. दिल्ली योजना आखते, पैसे देते, परिषदा घेते. काम करणारा तहसीलदार आणि अभियंता मात्र दुसऱ्याच सरकारला उत्तर देतो.

यावर उपाय काय? अधिकार खाली सोडा, मधली फळी वाढवा, अर्थ मंत्रालयाची दुहेरी तपासणी थांबवा. हे अवघड उपाय. सोपे उपाय दोन: कामाच्या पद्धती अभ्यासणारं एक केंद्रीय कार्यालय आणि लोक प्रशासनाची एक संस्था. अवघड उपायात कुणाचा तरी अधिकार कमी होतो. सोप्या उपायात एक नवं कार्यालय वाढतं आणि कुणाचं काही जात नाही. त्यामुळे पुढे काय झालं याचं आश्चर्य वाटू नये. मार्च 1954 मध्ये मंत्रिमंडळ सचिवालयात संघटन आणि पद्धती विभाग, म्हणजेच ओ अँड एम, सुरू झाला. त्याच महिन्याच्या 29 तारखेला नेहरूंच्या हस्ते भारतीय लोक प्रशासन संस्थेचं उद्घाटन झालं. संस्थेचं त्रैमासिक 1955 पासून निघतं आहे, आणि ती आजही ॲपलबींच्या नावाने पुरस्कार देते.

ओ अँड एमने काम केलं नाही असं नव्हे. प्रत्येक मंत्रालयात एक अधिकारी नेमला गेला, कार्यपद्धतीची पुस्तिका तयार झाली, प्रलंबित कागदांची विवरणपत्रं नियमित येऊ लागली. कुठल्या टेबलावर किती कागद किती दिवस पडून आहेत, ते दिसू लागलं. पण विवरणपत्र टेबल मोजत होतं, वाट मोजत नव्हतं. शनिवारी माझ्या नावावर प्रलंबित कागद दिसू नये म्हणून शुक्रवारी एक शंका काढून नस्ती परत पाठवली की माझं टेबल कोरं होतं. नस्तीची वाट मात्र सोळा थांब्यांनी लांबते. पुढे कार्यालयीन शिस्तीच्या ज्या ज्या पद्धती आल्या त्यांनाही हीच मर्यादा आहे. आपल्याकडची सहा गठ्ठ्यांची पद्धत चांगली आहे. चालू, प्रतीक्षेतलं, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचं आणि नष्ट करायचं, असे कागद वेगळे बांधले की हवं ते चटकन सापडतं. पण तो एका टेबलाच्या आतला नीटनेटकेपणा आहे. टेबलं किती असावीत हे तो ठरवू शकत नाही.

आता लेखापरीक्षण. सतरा टेबलं टिकून का राहतात याचं उत्तर भीतीत आहे, असं ॲपलबींचं म्हणणं. निर्णय घेतला आणि चुकला तर कागदावर सही असते, लेखापरीक्षणाचा आक्षेप निघतो, तो संसदेच्या लोकलेखा समितीपुढे जाऊ शकतो. निर्णय घेतलाच नाही तर आक्षेप कशावर काढणार? पंपावाचून वाया गेलेल्या हंगामाचा परिच्छेद कुठल्याच अहवालात येत नाही. म्हणून शहाणा अधिकारी आणखी एक सही मागतो. 1956 सालच्या दुसऱ्या अहवालाचा भर सरकारी उद्योगांवर होता. त्यात त्यांनी नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या कामाला आवश्यक, पण अतिशय सामान्य दर्जाचं, अरुंद दृष्टीचं आणि फार थोड्या उपयोगाचं म्हटलं. चांगलं प्रशासन कशाला म्हणतात हे लेखापरीक्षकांना फारसं कळत नाही, कळावं अशी अपेक्षाही नाही, असंही लिहिलं. संसदही त्यांच्या टीकेतून सुटली नाही. साहजिकच संसदेत नाराजी उमटली. संविधानाने ज्याला स्वतंत्र स्थान दिलं त्याच्याबद्दल परक्या सल्लागाराने असं लिहावं, हे अनेकांना रुचलं नाही.

इथे ॲपलबी अर्धेच बरोबर होते. दुसरा अर्धा भाग मुंबईत उघडा पडला. आयुर्विमा महामंडळ 1 सप्टेंबर 1956 ला स्थापन झालं, मुख्यालय मुंबईत. जून 1957 मध्ये त्याने उद्योजक हरिदास मुंदडा यांच्या अडचणीतल्या कंपन्यांचे सुमारे 1 कोटी 24 लाख रुपयांचे शेअर घेतले. महामंडळाची गुंतवणूक समिती होती, पण तिला विषय कळला तो व्यवहार होऊन गेल्यावर. निर्णय झटपट झाला होता, थोड्या लोकांत, मोजक्या टेबलांवर. वरवर पाहता ॲपलबींना हवं होतं तसंच! फिरोज गांधी यांनी प्रश्न लोकसभेत लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी जानेवारी 1958 मध्ये मुंबईत जाहीर चौकशी केली. गर्दी इतकी की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. मंत्री म्हणाले मी मंजुरी दिली नव्हती, सचिव म्हणाले दिली होती, आणि टिपणीत ते स्पष्ट नव्हतं.

ॲपलबींच्या बाजूने एवढं म्हणावं लागेल की टेबलं कमी करा म्हणजे कागदच ठेवू नका, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. एकाने ठरवावं, आणि त्याने ठरवलं हे दिसावं, ही त्यांची मागणी होती. मुंदडा प्रकरणात पहिली गोष्ट घडली, दुसरी घडली नाही. पण त्या चौकशीनंतर देशभरच्या अधिकाऱ्यांनी धडा घेतला तो उलटा: जास्त सह्या घ्या.

ॲपलबी 1956 मध्ये सिरॅक्यूजमधून निवृत्त झाले, 1955 ते 1957 न्यूयॉर्क राज्याचे अर्थसंकल्प संचालक होते, आणि 1963 साली गेले. पुढच्याच वर्षी ओ अँड एमचं काम गृह मंत्रालयाच्या नव्या प्रशासकीय सुधारणा विभागाकडे गेलं. 1966 साली मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखाली पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग बसला. अवघड उपाय हळूहळू, तुकड्यातुकड्याने आले. मंत्रालयांना खर्चाचे थोडे अधिकार मिळाले, वित्तीय सल्लागार अर्थ मंत्रालयातून उठून प्रत्येक मंत्रालयाच्या आत बसले, 1976 मध्ये केंद्राचे हिशेब ठेवणं लेखापरीक्षणापासून वेगळं झालं. नस्ती चारपेक्षा जास्त पातळ्यांवरून जाऊ नये, असं केंद्राने ठरवलं ते तर अगदी अलीकडे, 2021 च्या सुमारास.

महाराष्ट्राचा विलंबाला प्रतिबंध करणारा कायदा 2005 चा. बदल्यांचं विनियमन आणि विलंब हे दोन विषय त्यात एकत्र आहेत, म्हणून लोक त्याला नुसता 'बदल्यांचा कायदा' म्हणतात आणि उरलेला अर्धा विसरतात. त्यातली तरतूद अशी: कुठलीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. एवढंच असतं तर गणित फसलं असतं, कारण सतरा टेबलं गुणिले सात म्हणजे 119 दिवस, आणि तरी प्रत्येक टेबल कायद्यात बसलेलं! म्हणून दुसरी मर्यादाही आहे: दुसऱ्या विभागाकडे जायची गरज नसेल तर अंतिम निर्णय 45 दिवसांत, गरज असेल तर तीन महिन्यांत. कुणाला कुठले अधिकार दिले आहेत त्याची यादी प्रसिद्ध करायलाही हाच कायदा सांगतो. कार्यालयात गेल्यावर ती यादी मागून पाहावी. पुष्कळदा असं आढळतं की आपला विषय ज्याच्या अधिकारात आहे तो अधिकारी दुसऱ्याच मजल्यावर वाट पाहत असलेल्या कागदाची चौकशी करत असतो.

आपल्या प्रकरणाची टेबलं मोजायची असतील तर माहिती अधिकारात अर्ज करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि अर्जात 'कार्यवाहीची माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. त्याला 'प्रकरण प्रक्रियेत आहे' असं एका ओळीचं उत्तर येतं. त्याऐवजी नस्तीचा क्रमांक देऊन 'टिपणी भागातील सर्व पृष्ठांच्या प्रती' मागा. उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. प्रती हातात आल्या की मजकूर नंतर वाचा. आधी सह्यांखालच्या तारखा एका कागदावर उतरवून काढा आणि दोन तारखांमधलं अंतर लिहा. सगळी अंतरं लहान असून बेरीज मोठी आली तर दोष वाटेत आहे, कुणा एकाला जाब विचारून फार काही हाती लागणार नाही. एकच अंतर मोठं निघालं तर ते टेबल सापडलं. तक्रार त्याच टेबलाची करा. आणि नस्ती एकदा वर जाऊन खाली परत आलेली दिसली तर त्या वळणावरची शंका नीट वाचा. बहुतेक वेळा तिचं उत्तर आपण अर्जासोबत पहिल्याच दिवशी जोडू शकलो असतो.